कंबर कसायची राहिली

दुपारचा दीड वाजलाय. मार्था हिवाळे जेवणाचं ताट दोन घासांवर झाकून ठेवते आणि पलंगावर आडवी होते. झोपायचं तिला नाहीच. चार वाजता मेट्रनबाईंपुढं बसून जबाब लिहून द्यायचाय, तोवर नुसती पाठ टेकायची, एवढंच. पण काल रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही. डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरतोय आणि त्या कुरकुरीबरोबर तिच्या पापण्या जड होत चालल्यात.

तिच्यापुढं काय वाढून ठेवलं होतं, ते आधी सांगायला हवं.

मार्था सतरा वर्षं नर्स. हात इतका हलका की वॉर्डातले म्हातारे सुई तिच्याकडूनच टोचून घ्यायला बघत. काल सकाळी पुरुषांच्या वॉर्डात तिची ड्यूटी होती. बारा नंबरच्या पेशंटला न्याहारीआधी इन्सुलिन द्यायचं होतं. तिनं सिरिंज भरली आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मावसबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो आले होते. एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात फोन. नवरीच्या साडीचा रंग बघता बघता ती एक पलंग अलीकडंच थांबली. अकरा नंबरवर भालके नावाचे म्हातारे होते, न्यूमोनियाचे. त्यांना मधुमेह नव्हताच. तिनं ते इन्सुलिन त्यांना टोचलं आणि फोन खिशात टाकून पुढं गेली.

दोन तासांनी भालके घामानं निथळायला लागले, बोलेनासे झाले. साखर छत्तीसवर आली होती. मार्थानंच धावत जाऊन ग्लुकोज चढवलं, डॉक्टरांना बोलावलं. म्हातारा वाचला, पण अजून आयसीयूत आहे.

त्या सकाळी इंजेक्शनं दोघींनी वाटून दिली होती, मार्थानं आणि पुष्पा तुपेनं. चार्टवर सही कुणाचीच नव्हती. मेट्रनबाईंनी दोघींना उभं करून विचारलं, अकरा नंबरला कुणी काय दिलं? पुष्पा रडायलाच लागली. तिला स्वतःचीच खात्री वाटेना. मार्था म्हणाली, "मला आठवत नाही, मॅडम."

चार शब्द. तेवढ्यानं बोट पुष्पाकडं वळलं. पुष्पा शेहेचाळीस वर्षांची, नवरा वारलेला, नोकरी कंत्राटी. तिला घरी पाठवायला कुणाला फार विचारायची गरज नव्हती.

रात्री मार्थानं प्रार्थना करून पाहिली. सुरुवात केली की मन भलतीकडंच जायचं. दूध विरजायचं राहिलं. गॅस संपत आलाय. युनिफॉर्मला इस्त्री नाही. मग ती फोन हातात घ्यायची. सासूबाई असत्या तर असं झालं नसतं, असं तिला एकदा वाटून गेलं, आणि लगेच त्या वाटण्याचा रागही आला. सासूबाई, राहेलबाई, जाऊन दोन वर्षं झाली. जिवंत होत्या तोवर घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला दारात थांबवायच्या, डोक्यावर हात ठेवायच्या आणि बायबलातली देवाची शस्त्रसामग्री त्याच्या अंगावर तोंडानं चढवायच्या. टोप, चिलखत, ढाल, पायांत जोडे. मार्थाची बस निघून जायची. "आई, मी लढाईवर नाही, ड्यूटीवर चाललेय," असं ती त्यांना कितीदा तरी म्हणाली होती.

पंखा कुरकुरतोय.

पंखा नाही, औषधांच्या ट्रॉलीचं चाक आहे ते. मार्था ट्रॉली ढकलतेय. वॉर्ड लांबच लांब झालाय, पलंग संपत नाहीत. नऊ, दहा, अकरा. मग पुन्हा अकरा. त्यापुढंही अकरा. प्रत्येक पलंगावर कुणीतरी डोक्यावरून चादर घेऊन निजलंय. चादरी ओल्या आहेत.

एका अकरा नंबरवर चादर नाही. तिथं राहेलबाई पाय खाली सोडून बसल्यात. निळ्या काठाचं पांढरं पातळ, केस मोकळे. त्या हाताची नखं बघताहेत, जशा गाडीची वाट बघत बसायच्या तशा.

मार्थाला नवल वाटत नाही. भीती मात्र वाटते.

"आई, तुम्ही इथं का बसलात? हा पेशंटचा बेड आहे."

"तो कुठंय मग?"

"आयसीयूत."

"कुणी धाडलं त्याला तिथं?"

मार्था ट्रॉलीची दांडी घट्ट धरते. "मला आठवत नाही," ती म्हणते, आणि ते म्हणताना तिच्या तोंडात लोखंडाची चव येते.

राहेलबाई पुन्हा नखं बघायला लागतात. जिवंतपणी त्यांनी असं उत्तर कधी सोडून दिलं नसतं.

ट्रॉलीवर सिरिंजांच्या शेजारी फोन पडलाय. तो वाजतो. मार्था उचलत नाही, तरी त्यातून आवाज येतो. आवाज तिचाच आहे, पेशंटशी बोलताना ती काढते तसला, मऊ, धीर देणारा.

"कुणी पाहिलेलं नाही," फोन म्हणतो. "पुष्पालाच खात्री नाही. म्हातारा वाचलाय. तूच वाचवलंस त्याला. मग बिघडलं काय?"

"बंद कर ते," राहेलबाई म्हणतात.

मार्था बटण दाबते. बंद होत नाही. ती फोन ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात टाकते, वर कापसाचं अख्खं बंडल ठेवते. आवाज कापसातून येतो.

"सतरा वर्षांत एक चूक. तेवढ्यासाठी सतरा वर्षांवर पाणी सोडायचं? घरी मुलगी बारावीला आहे."

"आई, हे खोटं नाही," मार्था म्हणते. "ती बारावीलाच आहे."

"खोटं कोण म्हणतंय? त्यात एकही शब्द खोटा नाही. म्हणून तर तू ऐकत बसलीस."

राहेलबाई पलंगावरून उतरतात. फरशीवर पाय टेकतात तिथं फरशी नाही, शेणानं सारवलेली जमीन आहे. मोठी चूल धडधडतेय. चुलीवर तांब्याचा हंडा, त्यातून वाफ निघतेय. मार्थानं ही जागा पाहिलेली नाही, पण तिला कळतं की हे मुलींचं वसतिगृह आहे. लग्नाआधी राहेलबाई तिथं देखरेखीला होत्या. बाहेर मुली अंघोळीला रांग लावून उभ्या आहेत, हातात कळशा, केस विस्कटलेले.

"त्या सकाळी मला माझ्या भावाचं पत्र आलं होतं," राहेलबाई सांगतात. त्यांचा चेहरा वाफेत नीट दिसत नाही. "हंड्यापाशी मी थांबायचं, गार पाण्याचं विसण घालून मगच मुलींना पाणी द्यायचं, असा नियम. मी पत्र वाचत व्हरांड्यात गेले. दोनच मिनिटं. एका लहान मुलीनं आपल्या हातानं पाणी घेतलं."

"काय झालं तिला?"

"पाय भाजले. दोन्ही. घोट्यापर्यंत." त्या चुलीत लाकूड सारतात. "वसतिगृहाच्या साहेबांनी विचारलं, हंड्यापाशी कोण होतं? स्वयंपाकाला गुलाब नावाची बाई होती. ती तिथंच पोळ्या लाटत होती. मी म्हणाले, गुलाब होती. तेही खोटं नव्हतं. होतीच ती तिथं."

चुलीतलं लाकूड फुटतं. दारातून एक बाई हातात पत्र्याची पेटी घेऊन बाहेर पडते. तिची पाठ तेवढी दिसते. मार्था तिला हाक मारायला बघते, पण तोवर ती दिसेनाशी होते.

"ती त्याच दिवशी गेली," राहेलबाई म्हणतात. "दुसऱ्या दिवसापासून मी रोज शस्त्रसामग्री म्हणायला लागले. टोप घातला, चिलखत घातलं, ढाल धरली. तुम्हा सगळ्यांना घातली. कंबर कसायची तेवढी राहिली. ती सत्यानं कसायची असते, ते मला तोंडपाठ होतं. तिथं आलं की मी भराभर म्हणून पुढं जायचे. तुला कधी ऐकू आलं का, मी तिथं भराभर म्हणायचे ते?"

मार्था मान हलवते. तिला आठवतं ते फक्त बसचं. बस जाईल, बस जाईल, एवढंच.

"गुलाबला तुम्ही भेटलात नंतर?"

"नाही. तिचं गाव मला माहीत होतं."

कापसाखालचा फोन पुन्हा बोलायला लागतो. ट्रॉली इथंही आलीय, चुलीच्या शेजारी उभी आहे. आता आवाज मऊ नाही, कडक आहे, रविवारी वचन वाचतात तसला.

"ही बाई मेलेली आहे, मार्था. मेलेल्यांना विचारू नये, हे तुला लहानपणापासून शिकवलंय. तू ख्रिस्ती आहेस ना? मग हिचं ऐकतेस कशी?"

हे खरं आहे. तिला हेच शिकवलंय. ती राहेलबाईंकडं बघते आणि दोन पावलं मागं सरते. ही आई नसेलच तर? झोप नाही, पोटात अन्न नाही, मन काहीही दाखवतं. आणि मनाचाच खेळ असेल, तर गुलाबही खोटी, हंडाही खोटा, चार वाजता काही सांगायची गरजही नाही.

"बरोबर बोलतोय तो," राहेलबाई शांतपणं म्हणतात. "माझं ऐकू नकोस."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"मी तुला काय करायचं ते सांगितलंय का? एक शब्द तरी? मी माझं सांगितलं. तुझं तू त्याला विचार. ज्याला विचारायचं असतं, त्याला."

"मला जमत नाही, आई. रात्रभर बसले होते. सुरुवात केली की मन पळतं."

"माझंही पळायचं. शेवटचे तीन आठवडे मला एक ओळ जमली नाही. तू ग्लुकोज बदलायला यायचीस, तेव्हा मी डोळे मिटून पडायचे. तुला वाटायचं, आई प्रार्थनेत आहेत. मी छतावरच्या पाली मोजत असायचे."

मार्थाला हसू येत नाही. तिला रडू येतं.

त्या दोघी देवळात, चर्चमध्ये आहेत. आधी कुठं होत्या ते आता महत्त्वाचं नाही. बाकं भिंतीला लावलेली, खिडक्या उघड्या, खाली काथ्याच्या चटया अंथरलेल्या. बाहेर ऊन आहे. दाराबाहेर कुणीतरी चकरा मारतंय, पायांचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. दाराची कडी हलते.

"गुडघे टेक," राहेलबाई म्हणतात. मग स्वतःच मान हलवतात. "नको. मी सांगत नाही. तुला वाटलं तर टेक."

मार्था गुडघे टेकते. काथ्या कातडीत रुततो. ती डोळे मिटते.

हे प्रभू.

दूध. इस्त्री. मुलीची फी भरायची तारीख. पुष्पाचे रडून सुजलेले डोळे, आणि मग चटकन नवरीच्या साडीचा रंग, मोरपंखी. दाराची कडी जोरात हलते. मार्था डोळे उघडायला बघते.

राहेलबाई शेजारी टेकल्यात. त्यांनी मार्थाचं मनगट धरलंय, नाडी बघतात तसं, तीन बोटांनी. हात थंड नाही. "पळू दे," त्या कुजबुजतात. "पळालं की परत आण. त्याची मोजदाद कुणी ठेवत नाही."

हे प्रभू, माझं रक्षण कर.

हे म्हटल्याबरोबर तिला कळतं की हेही भराभर पुढं जाणंच आहे. रक्षण कशापासून? दाराबाहेरच्याला आत यायला कडी काढावी लागणारच नाही. तो तिच्याच आवाजात बोलतो. पाय चटईवर जड झालेत. बाहेरची पावलं आता पळताहेत.

"प्रभू," ती मोठ्यानं म्हणते, "ते इंजेक्शन मी दिलं."

कडी हलायची थांबते.

"भालक्यांना मी दिलं. फोन बघत होते. मला आठवतंय. काल विचारलं तेव्हाही मला आठवत होतं."

मनगटावरची तीन बोटं जराशी घट्ट होतात. मार्था शेजारी वळून काही म्हणणार, गुलाबचं गाव कोणतं ते विचारणार, तेवढ्यात पंख्याची कुरकुर ऐकू येते.

ती पलंगावर आहे, उशीवर गाल टेकून, कुशीवर. तीन वाजून आठ मिनिटं झालीत. घरात कुणी नाही. नवरा शाळेत, मुलगी क्लासला. तोंडात लोखंडाची चव आहे. जीभ दाताखाली आली असावी. चला, मनाचे खेळ, ती स्वतःशी म्हणते आणि उठून बसायला पाय दुमडते. गुडघे चुरचुरतात.

ती गाऊन वर घेते. दोन्ही गुडघ्यांवर लालभडक ठसे उठलेत. आडव्याउभ्या जाड दोऱ्या, मध्ये बारीक बारीक टोचल्याच्या खुणा. ती पलंगाकडं बघते. गादीवर जुनी सुती चादर आहे, धुऊन धुऊन मऊ झालेली. खाली फरशी, गुळगुळीत. काथ्याची चटई या घरात कधी नव्हतीच. मार्था एका ठशावर अंगठा दाबते. तिथं पांढरं होतं, आणि अंगठा उचलल्यावर दोऱ्यांची नक्षी पुन्हा भरून येते.

अंगठा पुन्हा तिथंच टेकवून ती दुसऱ्या हातानं फोन घेते. वर सात मेसेज आलेले दिसतात. ती ते बाजूला सारते आणि पुष्पाचा नंबर लावते.

"हां, सिस्टर," पुष्पाचा आवाज बसलेला आहे. "मी निघालेच आहे. मी आज लिहूनच देते, की चूक माझ्याकडूनच झाली असेल. उगाच तुम्हाला कशाला त्रास."

"काही लिहू नका," मार्था म्हणते. "पुष्पाताई, अकरा नंबरला मी दिलं होतं."

पलीकडं रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येतो.

"काय म्हणालात, सिस्टर? परत सांगा."

मार्था परत सांगते. या वेळी औषधाचं नाव, किती दिलं ते, आणि सकाळची वेळ, सगळं.