वरच्याचा मास्क कुठून गळत होता

वरच्याला क्रेनवरून उतरवलं त्या दिवशी मी सेफ्टी साहेबांशी भांडलो, दुसऱ्या दिवशी वरच्याशी भांडलो आणि तिसऱ्या दिवशी भांडायला कोणी उरलं नाही म्हणून घरी जाऊन बायकोशी भांडलो. तिघांपैकी एकाचीही चूक नव्हती. म्हणून तर राग जास्त आला.

आमच्या पाईपच्या यार्डात त्याला सगळे वरचा म्हणतात, कारण तो वर बसतो, जमिनीपासून अठरा मीटरवर, क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये. मी खालचा. मी खाली उभा राहून हातांनी इशारे करतो आणि तो त्याप्रमाणे माल उचलतो, सरकवतो, ठेवतो. वॉकीटॉकी नंतर आली, पण इशारे तसेच राहिले. त्यांचा नियम सोपा आहे. क्रेनवाल्याने एकाच माणसाचे हात बघायचे, बाकी कोणी नाचलं तरी लक्ष द्यायचं नाही. अपवाद फक्त एका इशाऱ्याचा. दोन्ही हात आडवे पसरून हलवले की थांबायचं. तो इशारा कोणीही करावा, झाडूवाल्याने करावा, नव्या ट्रक ड्रायव्हरने करावा. क्रेनवाला आधी थांबतो आणि मग शिव्या घालतो. वरचा दोन्ही कामांत तरबेज होता.

राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. चहा गार म्हणून राग, गरम म्हणून राग. पण पाच टनांचा गठ्ठा तो असा टेकवायचा की खालच्या लाकडी ठोकळ्याला कळायचंही नाही. वर चढला की त्याचे हात शांत व्हायचे. त्या केबिनशिवाय हा माणूस कोणाला सहन झाला नसता, त्याचा त्यालाही नाही.

आणि त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर, सहा पाईप ट्रकच्या वर अधांतरी लटकले होते आणि मी ‘खाली घे’ म्हणून हात करत होतो. काही हलेना. शिट्टी मारली, ओरडलो. मग वॉकीटॉकीवर खर्रर्र असा आवाज आला. त्याचा हात बटणावर पडला होता. वरच्याचं घोरणं साऱ्या यार्डाने, गेटवरच्या वॉचमनसकट, ऐकलं.

कंपनीच्या डॉक्टरांनी तपासणी करायला लावली. झोपेत त्याचा श्वास तासाला चाळीस वेळा अडकत होता. म्हणजे हा माणूस कित्येक वर्षं रात्री झोपतच नव्हता, नुसता आडवा पडत होता. इलाज म्हणून एक यंत्र मिळालं. डब्यातून नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क, त्यातून दाबाने हवा. अट अशी की एक महिना रोज निदान चार तास ते लावून झोपायचं आणि मास्कमधून हवेची गळती ठरलेल्या रेषेखाली ठेवायची. सगळं यंत्रातच नोंदलं जातं. अहवाल चांगला आला तर केबिन परत. नाहीतर कायमचं गोदामात, पाईपवर लेबलं चिकटवायला.

“लेबलं!” वरचा म्हणाला. “त्यापेक्षा त्या लेबलांनी माझंच तोंड बंद करा.”

पुढे त्याने जवळजवळ तेच केलं.

पहिल्या आठवड्यात तो सकाळी यार्डात आला की नाकाच्या वरच्या हाडावर लाल वळ दिसायचा. मास्कच्या कडेतून हवा सुटून सरळ डोळ्यांत जाते म्हणे. रात्रभर डोळ्यांवर कोणीतरी फुंकर मारत बसलंय असं वाटतं. मग हा पट्टे आवळायचा. आमच्या धंद्यात माल सरकला की दोर आवळतात, हेच त्याला ठाऊक. जितकी गळती, तितका पट्टा घट्ट. दहाव्या दिवशी वळाची जखम झाली आणि गळती आणखी वाढली. सकाळी यंत्राच्या पडद्यावर एक रडका चेहरा यायचा. त्या रडक्या चेहऱ्याने त्याला जेवढं चिडवलं तेवढं माझ्या इतक्या वर्षांच्या इशाऱ्यांनी चिडवलं नसेल.

“नाकातून हवा आत येते आणि तोंडातून बाहेर जाते,” तो सांगायचा. “मधे मी नुसता बोगदा.”

सकाळी त्याची जीभ टाळूला चिकटलेली असायची. दवाखान्यातली मास्कवाली, म्हणजे मास्क बसवून देणारी मुलगी, तिने हनुवटीचा पट्टा दिला. खालचा जबडा वर धरून डोक्यावर बांधायचा. वहिनींनी पहिल्या रात्री ते ध्यान बघितलं आणि उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेल्या.

“भावजी, माझ्या बाबांना न्यायच्या आधी असंच बांधलं होतं,” त्या मला म्हणाल्या. “मला नाही बघवत.”

पट्ट्यानेही भागलं नाही. मग या महाभागाने वर्कशॉपमधली विजेच्या तारांना गुंडाळायची काळी चिकटपट्टी आणून तोंडावर मारली. सकाळी ती निघाली, सोबत अर्धी मिशी घेऊन निघाली. मास्कवालीने त्याला भरपूर झापलं. उलटी झाली असती तर गुदमरला असता, म्हणाली. मी सोबत होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं झापून वर ती त्यालाच विचारू लागली.

“काका, तोंड एवढं का उघडतं तुमचं? नाक चोंदतं का? दातांची काही अडचण?”

“दात ठणठणीत आहेत,” वरचा म्हणाला. “मास्क भिकार आहे.”

तिने दुसऱ्या मापाचा मास्क दिला. तिथे खुर्चीत बसून लावला तर एक फुंकर सुटेना. घरी पुन्हा रडका चेहरा. मी त्या मुलीला, यंत्र बनवणाऱ्यांना, कंपनीच्या डॉक्टरांना, सगळ्यांना शिव्या घातल्या. माणसाच्या हातात काय आहे ते बघायचं सोडून त्याच्या तोंडातली हवा मोजत बसलेत! असं मी कॅन्टीनमध्ये मोठमोठ्याने म्हणत होतो. महिना संपायला पाच दिवस उरले होते. वर बदली माणूस बसत होता. तो गठ्ठा टेकवायचा नाही, आपटायचा. आणि गोदामात लेबलांची पेटी येऊन पडली होती.

त्या रविवारी दुपारी मी वरच्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बाहेरच्या खोलीपर्यंत फुस्स फुस्स ऐकू येत होतं, सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तसं. वरचा मास्क लावून झोपला होता, रात्रीचे तास भरून काढायला. मी दारातून डोकावलो.

मला वाटलं, दुसराच कोणीतरी म्हातारा झोपलाय. गाल आत गेलेले. वरचा ओठ पार आत बसलेला, त्यामुळे मास्कची खालची कड हवेतच. पट्टा ओढून ओढून वरची कड हाडात रुतली होती आणि खालून वारा सुटला होता. जबड्याला धरून ठेवायला काही नव्हतंच, तो पट्ट्यातून निसटून लोंबत होता. उशाशी एका प्लास्टिकच्या डबीत, पाण्यात, दातांची अख्खी वरची ओळ होती.

“कधीपासून?” मी वहिनींना विचारलं.

“एकोणीस वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला. आता तुम्ही बघितलंत, मी काही सांगितलं नाही.”

एकोणीस वर्षांपूर्वी वरचा वर नव्हता. माझ्यासोबत खाली होता, हुक अडकवायला. मी नवा होतो, कायम झालो नव्हतो, बायकोला सातवा महिना होता. तो वाकलेला असतानाच मी न बघता ‘उचल’ म्हणून हात केला. हुक झोका खाऊन त्याच्या तोंडावर बसला. रुमाल लावून तो घरी गेला आणि फोरमनला सांगितलं, घरच्या जिन्यावरून पडलो. मला म्हणाला, “दोन दात हलले फक्त. आता याचं नाव काढायचं नाही.” मी नाव काढलं नाही. दोन दात, असं मी स्वतःलाही एकोणीस वर्षं सांगत आलो होतो. सोयीचंच होतं ते.

त्याला उठवून भांडावं असं वाटलं. खरंच वाटलं. कोणी मागितले होते तुझे उपकार? मला एकदा तोंडावर शिव्या दिल्या असत्यास तर मी सुटलो असतो. तू दात डबीत घालून, ओठ मिटून बसलास, आणि आता त्याच हट्टापायी केबिन घालवतोयस! पण वहिनी समोर होत्या. चहासुद्धा न घेता मी निघालो.

बुधवारी दवाखान्यात शेवटची तपासणी होती. मी सोबत गेलो. त्याच्या तोंडात दात चमकत होते. मास्कवालीने अहवाल बघितला आणि कपाळाला हात लावला.

“काका, आज मला हा अहवाल कंपनीला पाठवावा लागेल. काहीतरी निसटतंय आपल्याकडून. मी पुन्हा विचारते. कवळी वगैरे आहे का? झोपताना काढता का?”

“तुला एकदा सांगितलं ना पोरी,” वरच्याचा पारा चढला, “माझे दात...”

मी उठलो आणि त्याच्यासमोर उभा राहून दोन्ही हात आडवे पसरून हलवले.

वरचा थांबला. तोंड उघडं तसंच, शब्द अर्धा आत. हात आपोआप उचलून त्याने खुर्चीच्या दांड्यावर ठेवले होते, लिव्हर सोडल्यावर ठेवतो तसे. मास्कवाली माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत होती. वरचा माझ्याकडे बघत होता. मग त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून फिरली आणि त्याला कळलं की मला माहीत आहे.

त्याने शिव्या दिल्या. नियमाप्रमाणे, थांबल्यानंतर. मग खिशातून रुमाल काढला, तोंड फिरवलं, आणि कवळी रुमालात घेऊन टेबलावर ठेवली.

मास्कवालीने सरळ स्वतःच्याच डोक्यावर टपली मारली. “बसवून आणि दात असताना माप घेतलं मी. आडवं करून, तोंडात बोट घालून बघायला हवं होतं.” ती फॉर्म पुढे ओढून लिहू लागली. “दात कशाने गेले?”

“जिन्यावरून पडलो,” वरचा म्हणाला. दात नसल्याने शब्दांतून हवा जात होती.

“हुकने गेले,” मी म्हणालो. “माझा इशारा चुकला होता. कामावर.”

“तुला कोणी विचारलं?” वरचा गरजला.

“कोणीच नाही. एकोणीस वर्षांत कोणीच नाही विचारलं. म्हणून सांगतोय.”

“गाढवा, नोकरी जाईल तुझी!”

“जाऊ दे की! लेबलं तरी चिकटवीन. दोन दात म्हणालास मला. दोन!”

“अहो, भांडू नका दोघं,” मास्कवाली म्हणाली. “मला कारण नकोय, मला तोंड बघू द्या.”

तिने त्याला बाकावर आडवं केलं. नाकातोंडाला मिळून बसणारा मोठा मास्क आणला, दात नसलेल्या तोंडावर ठेवला, यंत्र रात्रीच्याच दाबावर सुरू केलं आणि पट्टे आवळायच्या ऐवजी सैल करत गेली. एका जागी फुस्स थांबलं. “बघा, घट्ट नाही, नीट हवं,” ती म्हणाली. त्या मास्कच्या वरून वरचा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. तोंड झाकलं होतं म्हणून बोलता येत नव्हतं, नाहीतर दवाखाना डोक्यावर घेतला असता. पाच मिनिटांत ते डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या तशाच ठेवून, भर दुपारी, आमच्या देखत तो झोपला, आणि कुठूनही हवा सुटत नव्हती.

तिने कंपनीला लिहिलं की माप चुकलं होतं, महिना आजपासून मोजावा. सेफ्टी साहेबांपुढे मी एकोणीस वर्षांपूर्वीचा इशारा स्वतः लिहून दिला. त्यांनी मला लेखी समज दिली आणि आठवडाभर इशाऱ्यांच्या प्रशिक्षणाला बसवलं, कालच्या पोरांसोबत. वरचा त्या महिन्यात माझ्याशी एक शब्द बोलला नाही. रोज सकाळी येताना मात्र पडद्याचा फोटो दाखवायचा. हसरा चेहरा. तोही रागानेच दाखवायचा.

एकतिसाव्या दिवशी तो शिडी चढला. खाली अख्खी पाळी जमली होती, ट्रकवाले, गोदामवाले, वॉचमन. मी जागेवर उभा राहिलो, सहा पाईप बांधून झाले, माणसं बाजूला झाली. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं, आणि हात वर करणार तेवढ्यात सगळ्यांच्या वॉकीटॉकी एकदम खरखरल्या. या वेळी बटण त्याने जाणूनबुजून दाबलं होतं.

“खालच्या,” वरचा म्हणाला, साऱ्या यार्डाला ऐकू जाईल असं, “नीट बघून हात कर. आता माझ्याकडे घालवायला दात उरले नाहीत.”