गिधाडं जेवत व्हती

बायांनो, फोटू बघा! गिधाडं हायत, खरीखुरी. ल्हानपनी बघितलेली, ती आज दिसली.

सकाळी नातीच्या स्कुटीवर गडाखालच्या तिकोणा पेठ गावावरनं निघालो. रस्त्याकडंला मेलेल्या म्हशीवर बसलेली. लय आनंद झाला, घाईघाईत काढला, म्हनून फोटू हाललाय.

तेवढ्यात तिथल्याच एका बंगलेवाल्यानं म्हस पुरायला जेसीबी आणला. आवाजानं समदी उडाली.

म्या म्हनलं, "भाऊ, जेवू द्या की त्यांना."

"आजी, आज पाहुणे येणार आहेत. घाण दिसते ती."

"अवो, घाण तर तीच काढत व्हती!"

न्हाई ऐकलं. खड्डा बुजवला. गिधाडं समोरच्या कड्यावर उपाशी बसून बघत ऱ्हायली.

जेवत्याला पानावरनं उठवू नये, असं आमी पोरांना शिकवतो. आज उठवलं. परत येतील का वो ती?