वरच्या कडेपुरती खळ

सत्यवती मेश्राम माझ्या मुलीच्या शाळेत ग्रंथपाल आहेत. इंदोऱ्यात राहतात. वडील गिरणीतून निवृत्त, धाकट्या दोन भावांचं शिक्षण यांच्या पगारावर. नोकरी कित्येक वर्षं हंगामीच. कायम करायचं की नाही, ते शाळा समितीच्या हातात, आणि समिती म्हणजे गांधीबागेतले कापडाचे व्यापारी मनोहरराव.

मनोहररावांना मागे एकदा वाचनालयातल्या वर्तमानपत्रात सिनेमाची जाहिरात दिसली. लगेच नियम झाला. मुलींच्या हाती पडण्याआधी प्रत्येक अंक ग्रंथपालांनी तपासायचा आणि नको ते खाकी कागदानं झाकायचं. नको ते म्हणजे काय, हे कुणी सांगितलं नाही, त्यामुळे ते वाढतच गेलं. आधी नट्या झाकल्या, मग कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, मग सुना जळाल्याच्या बातम्या. शेवटी एका साप्ताहिकातलं डॉक्टरीणबाईंचं सदरही झाकलं. त्यात त्या मुलींच्या प्रश्नांना उत्तरं देत.

सत्यवतीबाई घरून मैद्याची खळ शिजवून आणत, पण लावत फक्त वरच्या कडेला. लांबून मजकूर बंद दिसे. खालून बोट घातलं की कागद उचलला जाई. मुलींना हे कुणी शिकवलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

माझी प्रेमलता नववीत आहे. तिची पाळी दहा-दहा दिवस थांबत नव्हती आणि पोर मुकाट सोसत होती. ती पिवळी पडली तेव्हा मी जागरणांना दोष दिला. त्या कागदाखाली तिनं वाचलं की इतका रक्तस्राव साधा नसतो, डॉक्टरांना दाखवावं. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन तिनं मला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच उरलेलं नाही. अजून थांबला असतात तर पोर हाती लागली नसती.

पुढे तपासणीत मनोहररावांच्याच बोटानं कागद उचलला गेला. पालकसभेत त्यांनी तो अंक सगळ्यांसमोर धरला.

"बाई, हा कागद चिकटवला की दाराला पडदा लावला?"

सत्यवतीबाई म्हणाल्या, खळ पातळ झाली असेल. मग मी उठले आणि प्रेमलताचं सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या शब्दांसकट. मला वाटलं होतं, एवढं ऐकल्यावर कुणाच्या तोंडून शब्द निघणार नाही.

मनोहरराव मुख्याध्यापिकांकडे वळले. "ऐकलं ना, शोभाताई? पोरी वाचून राहिल्या." मग माझ्याकडे पाहत, "काहो, घरी आई नाही काय सांगायले?"

बायका पदराआड हसल्या. मी बी.ए. आहे. मलाही हे ना घरी कुणी सांगितलं होतं, ना कॉलेजात. हसणाऱ्यांनाही नसेल.

सत्यवतीबाईंना एकच विचारलं गेलं: नीट चिकटवाल, की दुसरी बाई पाहू?

परवा मनोहरराव पुन्हा आले. कागदाच्या चारही कडांवरून त्यांनी नख फिरवलं. कुठं शिरलं नाही. त्याच बैठकीत सत्यवतीबाईंना कायम केलं.

मी वाचनालयात भेटायला गेले तेव्हा त्या वर पाहत नव्हत्या.

"भाऊ इंजिनिअरिंगले लागला, ताई. मी काय करू?"

खिडकीशी एक मुलगी त्या सदरावरचा कागद नखानं खरवडत बसली होती. कागद निघाला, पण खालची अक्षरंही त्याला चिकटून आली.