एलिएसेरच्या दारातला पिको

एलिएसेरला जन्मापासून दिसत नव्हतं, तरी त्याचा हात धरून कुणी त्याला कुठं नेलेलं आमच्या गावानं बघितलं नव्हतं. जिभेनं टाळूला टक् करायचं, काय परत येतंय ते ऐकायचं आणि चालू पडायचं. मातीच्या कुडाकडून आवाज मऊ येतो, चर्चच्या भिंतीकडून खणखणीत.

"आन् बोळ आला की?" मी एकदा विचारलं.

"बोळ म्हंजे पडलेला दात. न सांगता जीभ तिथंच जाती."

आई गेल्यापासून त्याची थोरली बहीण ओतिल्दा त्याला कार्ताखेनाला न्यायला टपलेली. शहरात तिचं घर, माडीवर रिकामी खोली. ह्याला जायचं नव्हतं. शेवटी त्यानं पैज मारली.

"अक्का, सान रोकेच्या जत्रंला ये. तुजी होडी लागायच्या आत मी एकटा धक्क्यावर हुबा आसंन. न्हाई दिसलो, तर बांध माजं गठुडं."

"ठरलं. मग रडायचं न्हाई."

जत्रेच्या सकाळी आमच्या गावातल्या वाल्बेर्तोनं आपला पिको गाड्यावर घालून आणला. पिको म्हणजे माणसापेक्षा उंच स्पीकर, त्यावर रंगानं काढलेलं रानडुक्कर. ज्याच्या दारात तो लागेल, जत्रेचा मान त्याचा. वाल्बेर्तोनं तो एलिएसेरच्या दारात लावला.

"दादा, डोळ्याची जत्रा तुज्या नशिबात न्हाई, कानाची तरी पोटभर घे."

"आरं, गावाच्या त्या टोकाला लाव की."

मान घ्यायच्या आधी नको म्हणायची आमच्यात रीतच आहे. वाल्बेर्तो हसला आणि वायरी जोडायला लागला.

दुपारी कालव्यापलीकडच्या गावचा पिको समोर येऊन ठाकला आणि कुणाचा आवाज मोठा, ही लढत लागली. पत्रे थरथरायला लागले, ताटलीतला युकाचा कंद नाचायला लागला. एलिएसेर दारात आला, टक् केलं. काही आलं नाही. परत केलं. स्वतःच्या जिभेचा आवाज त्याला स्वतःला ऐकू येईना. होडीची वेळ होत आली होती.

मी त्याचा दंड धरला. त्यानं हिसडा दिला आणि माझ्या कानाला तोंड लावून ओरडला, "तू न्हेऊन सोडलंस तर मी एकटा कसा आलो? त्याला म्हन, जरा बंद कर."

मी वाल्बेर्तोकडं गेलो.

"खुळा हाईस का?" तो म्हणाला. "मधीच बंद केला म्हंजे हरलो. पलीकडची वरीसभर त्वांड दाखवू देनार न्हाईत."

"एलिएसेरला जायाचंय."

"कुटं जायाचंय? जत्रा त्याच्या दारात हाय की."

तेवढ्यात एलिएसेर निघालाच. कुंपण हाताला होतं तोवर बरा गेला. कुंपण संपलं तिथं चौक, आणि चौकात सगळं गाव नाचत होतं. हात पुढं करून, पायानं भुई चाचपत तो आत शिरला. लोकांना वाटलं, आला गडी नाचायला. कुणी कमरेला धरलं, कुणी तोंडाला रमची बाटली लावली. तो ज्या बाजूनं सुटायला बघायचा, त्या बाजूचे हात त्याला परत आत फिरवायचे. तोंड धक्क्याकडं आहे का घराकडं, तेही त्याला कळेना.

मी गर्दीत घुसतोय तोवर ओतिल्दा धक्क्यावरून चालत आली, हातात पिशवी. तिनं त्याचं मनगट धरलं. तो हात त्यानं ओळखला आणि जागच्या जागी थांबला. ती त्याला तशीच धरून घराकडं घेऊन गेली.

लढत वाल्बेर्तो जिंकला. दुसऱ्या दिवशी गठुडं होडीपर्यंत त्यानंच खांद्यावरून नेलं.

पुढं मासे घेऊन कार्ताखेनाला गेलो तेव्हा मी त्या माडीवर चढलो. एलिएसेर खाटेवर बसलेला, अंगानं सुटलेला. खाली मोटारींचा गोंधळ.

"टक् करतूस का न्हाई?"

"करून बघितलं. त्वांडातनं निघायच्या आत भिंत परत देती."

मी उठलो तशी ओतिल्दानं खालून हाक मारली, "जाताना दाराला भाईरनं कडी घाला हां. जिन्यात पडंल न्हाई तर."

मी कडी घातली.