घोडीला हळद

भिवाच्या चंद्रीवर बसल्याशिवाय ठाण्याजवळच्या बाळकुमातल्या कुठल्याच नवरदेवाला आपलं लग्न लागलंय असं वाटत नाही. निदान भिवाचं म्हणणं तसं होतं. चंद्री त्याची पांढरी घोडी, आणि तिच्याहून काकणभर जास्त मिजास तिच्या खोगिराची. लाल मखमल, आरशांच्या टिकल्या, सोनेरी झालर. ते बघण्याच्या नादात नवरीच्या मावश्या नवऱ्याकडे बघायच्या विसरत.

अठ्ठ्याऐंशी साली त्याने गावदेवीच्या पारावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, चैत्रात एकविरेला कार्ल्यापर्यंत जाईन तो घोडीवर बसूनच. मग सराव म्हणून एका दमात कल्याणला जाऊन आला. घरी खोगीर उतरवून पाठीवर हात ठेवला, तर चंद्री अंग चोरून बाजूला सरली. कण्यावर सुपारीएवढी सूज.

मोठी बहीण आवडाबाई ओट्यावर मासळी साफ करत होती. हिचं निम्मं आयुष्य मिठागरात डोक्यावर टोपल्या वाहण्यात गेलेलं.

"मखमल तुझ्या बुडाला हाय," ती म्हणाली. "तिच्या पाठीला काय हाय?"

"बाय, अख्ख्या ठाण्यात असं खोगीर नाय."

"वरातीत तासाभरात गल्ली ओलांडते ती. वर उपाशी नवरदेव. तू काय उपाशी हायस?"

सूज उतरायला पंधरा दिवस गेले. चैत्र तोंडावर आला. भिवाने नेरळच्या प्रभाकरला निरोप धाडला. प्रभाकरचे घोडे दिवसभर माथेरानचे पाहुणे वाहतात. तो एक काळं, ठिगळं मारलेलं कातडी खोगीर घेऊन आला.

"हे खोगीर हाय का फाटकी ब्याग?"

"दादा, मधून बघा. पलीकडचा उजेड दिसतो ना? वजन कण्याच्या दोन्ही अंगांना जातं. कण्यावर काही टेकत नाही."

"घोडं काय असतं ते मला नको शिकवू."

आवडाबाई उठली, घरातून वाटीभर भिजवलेली हळद आणली आणि चंद्रीच्या पाठीला चोपडली. कुंपणापलीकडून शेजारची शालन ओरडली, "मावशे, घोडीची हळद, आन आमाला बोलावणं नाय?"

"जेवण नाय, म्हणून नाय बोलावलं."

आधी मखमलीचं खोगीर. भिवा बसून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. खोगीर उलटं केलं, तर मधोमध पिवळाधमक पट्टा आणि कडा कोऱ्या. सगळा भार कण्यावर. भिवा म्हणाला, हळद भेसळीची आहे. आवडाबाईने तीच हळद पुन्हा लावली. यावेळी काळं खोगीर. दोन्ही अंगांना रुंद पिवळे पट्टे आले, मधली फट कोरी. फक्त पुढच्या टोकाला, फटीतच, एक ठिपका.

भिवाने लगेच बोट ठेवलं. "हा बघ. याच्यात पण खोट हाय."

"खोगीर बरं हाय," आवडाबाई म्हणाली. "ती खोट तुझ्या पोटाची."

प्रभाकरने हसू गिळलं. "दादा, सपाटीला बसा. घाटात उतरून चाला. आम्ही पण जाड गिऱ्हाईक चढाला उतरवतो."

भिवा त्या ठिपक्याकडे बघत राहिला. गुपचूप घोडीवर बसूनच घाट चढला असता तर पारावर कोणाला कळणार होतं? पण चंद्रीला कळलं असतं. संध्याकाळी तो स्वतःच पारावर गेला आणि म्हणाला, "घाटात मी चालणार." मग त्या पारावर जे काय बोललं गेलं, ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

यात्रेच्या चौथ्या दिवशी खोपोलीच्या घाटात पालखीवाले त्याला गाठून पुढे गेले. "भिवादादा, घोडी तुला नेते का तू घोडीला?"

"आज माझी पाळी हाय," भिवा धापा टाकत म्हणाला.

पाचव्या दिवशी कार्ल्याच्या पायथ्याला आवडाबाई ट्रकमधून उतरून आधीच येऊन बसलेली. भिवाने दर्शनाची रांग सोडून आधी काळं खोगीर उतरवलं. पाठीवरचा घाम दोन्ही अंगांना सारखा, केस कुठे मोडलेले नाहीत. त्याने कण्यावरून चार बोटं दाबत नेली. चंद्री गवत खात राहिली.

"पाठ बघितलीस, बाय?"

"घोडीची बघितली," आवडाबाई म्हणाली. "आता तुझे पाय दाखव, तेल आणलंय."