नवऱ्यांच्या वतीने

जबलपूरच्या स्टेशनावर विनयला मी आधी ओळखलंच नाही. माझा धाकटा भाऊ, तिथल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला. एरवी लांबूनच ‘ताई’ म्हणून हाक मारायचा. या खेपेला मीच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. सदरा अंगावर लोंबत होता.

“झोप नाही होऊन राहिली,” एवढंच म्हणाला.

वाटेत त्याने खोवा जलेबी (खव्याची काळपट, जाडजूड जिलबी) घेतली. हिच्यापुढे आपल्याकडची जिलबी अगदीच पापभीरू. मी दोन संपवल्या. त्याने एक हातात धरली आणि तशीच परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मराठी मंडळात ‘पुरुषांचं मानसिक आरोग्य’ या विषयावर व्याख्यान होतं. आत जाते तर झाडून सगळ्या बायका. विनयची बायको सुनंदा पहिल्या रांगेत. व्याख्यानाला आलेल्या डॉक्टरीणबाई दाराकडे बघत बसलेल्या. पुरुष मंडळी बाहेर स्कूटरींना टेकून चहा पीत होती, त्यांत आमचे बंधुराजही.

मी तरातरा बाहेर गेले. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, “दीदी, आमच्या घरच्या बसल्या आहेत नं आत. समजून घेतील अन् सांगतील. हम क्या करेंगे अंदर जाकर?”

माझं डोकंच फिरलं. “तुमची दाढ दुखली की बायकोची उपटून घेता का?”

मंडळी हसली. विनय हसला नाही.

परतताना सुनंदाने सांगितलं की त्याच्यासाठी दवाखान्यातही तीच जाते. “डॉक्टर म्हणतात, यांना आणा. हे म्हणतात, तूच सांग नं, तुला सगळं माहीत आहे.”

“काय माहीत आहे तुला?”

“झोपत नाहीत,” ती म्हणाली. तिची माहिती तिथेच संपली.

संध्याकाळी विनयला ग्वारीघाटावर नेलं. नर्मदेत दिवे सोडणाऱ्यांची गर्दी होती. आम्ही जरा बाजूच्या पायरीवर बसलो.

“कारखान्यात हात चालतात, ताई. मी तिथं नसतो,” तो म्हणाला. “कधी वाटते, उद्या जागच नाही आली तर बरं.”

मी त्याचा हात धरला. “हे सुनंदाला सांगितलंस?”

“तिला काहून घाबरवू?”

म्हणजे बायकोला सांगायचं नाही, आणि डॉक्टरांना सांगायला तिलाच पाठवायचं! काय म्हणावं या शहाणपणाला? संताप संताप झाला. त्याचा हात मात्र मी सोडला नाही, घरी आल्यावरही रात्रभर त्याच्या खोलीतच बसले.

सकाळी दवाखान्यात त्याचं नाव पुकारलं तशी सवयीने सुनंदाच उठली. मी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. विनय दारापाशी घुटमळला, मागे वळून पाहिलं आणि आत गेला. बराच वेळ दार उघडलं नाही.

“आत काय सांगत असतील?” सुनंदाने विचारलं.

“जे तुला सांगितलं नाही ते.”

बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. “गोळ्या दिल्या. पुन्हा बोलावलं आहे,” म्हणाला, आणि मग सुनंदाकडे बघून, “घरी चल. तुला सांगायचं आहे.”

त्याची सुट्टी मंजूर होऊन उपचार मार्गी लागेपर्यंत मी राहिले. नाशिकला परतले तरी राग गेला नव्हता. जेवताना यांना सगळं सांगितलं. पुरुषांनी आपलं दुखणंही बायकांच्या पदराला बांधून पाठवावं, याचं मला राहून राहून वाईट वाटत होतं.

मी आमटी वाढायला वाकले तेव्हा हे ताटाकडे बघतच म्हणाले, “त्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेव ना, माझ्या वयात असं होतं का म्हणून.”