होमपेजवरचे मालक

शहापूरच्या बाजारात कापडाच्या दुकानावरच्या खोलीत मी वेबसाइट बनवायचे. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. वेबसाइट करून मागणारे तेव्हा दोन प्रकारचे असत: ती कशाला हवी हे ज्यांना ठाऊक नव्हतं ते, आणि ज्यांच्या साडूने करून घेतली होती ते. बनवणं सोपं होतं. त्रास त्यानंतर सुरू व्हायचा. म्हैस विकली तर घेणारा वैरण कशी घालू म्हणून रोज फोन करत नाही, माझी गिऱ्हाइकं करायची. शेवटी मी प्रत्येक साइटला एक सोपं पान जोडलं. पासवर्ड टाकून मालकाने तिथे स्वतःच मजकूर आणि फोटो बदलायचे. काम पूर्ण झालं की मी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन ते शिकवून यायचे.

मुरबाडच्या पुढे नदीकाठी एका काकांची भातशेती होती. मुंबईच्या पाहुण्यांसाठी त्यांनी शेतातच चार खोल्या बांधल्या होत्या. काका तालुक्यातल्या झाडून सगळ्या समित्यांवर होते. गावात त्यांना सगळे साहेब म्हणत. साइटच्या पहिल्याच पानावर त्यांना स्वतःचा फोटो हवा होता, सफारीतला, हात जोडलेला. नदीचा टाकूया का, असं मी विचारून पाहिलं. नदी काय कुठेपण असते, असं ते म्हणाले. मी सफारीतला फोटो चढवला.

शिकवायला गेले तेव्हा काका माउसला हात लावेनात. हे बायकी काम आहे असं ठरवून त्यांनी काकूंना हाक मारली. काकू पिठाचे हात पदराला पुसत आल्या आणि खुर्चीत मांडी घालून बसल्या. पाहुण्यांचे फोन त्याच घ्यायच्या, त्यामुळे लोक काय विचारतात हे त्यांना पाठ होतं. मी शिकवत असतानाच लोडशेडिंग झालं. लाइट आल्यावर त्यांनी सगळं पहिल्यापासून स्वतः करून दाखवलं. मी खूश होऊन परत आले.

काही दिवसांनी काकांचा फोन आला. आवाज पार पडलेला. साइट हॅक झाली होती. त्यांचा फोटो गायब होऊन तिथे चूल आली होती, तव्यावर फुगलेल्या भाकरीसकट. हे विरोधी गटाचं काम आहे, पोलिसांत जातो, असं म्हणत होते. आधी मी येऊन बघते, असं सांगून मी त्यांना थांबवलं.

फोन ठेवून साइट उघडली. चुलीखाली इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर होता. नदी जवळ आहे, पण पाणी खोल आहे, उतरू नये. संडास इंग्लिश आहेत, पण दोनच. दुपारी लाइट जाते. दारू चालणार नाही, मालकांना विचारू नये.

हॅकर कोण ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी किन्हवलीवरून एसटीने गेले. ओटीवर काकांच्या बाजूची माणसं जमली होती आणि कुणावर संशय घ्यायचा ते जवळजवळ ठरलं होतं. काकू सगळ्यांना चहा देत होत्या. मी सर्व्हर वगैरे शब्द वापरून वेळ मारून न्यायचं ठरवलं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत काकूंनी ट्रे खाली ठेवला.

"कुणी नाय केलं. मीच काढला तुमचा फोटो."

एकाने बशीत तोंड घातलं ते वर काढलंच नाही. काकांनी विचारलं, "का?"

"फोन करणारा जो तो विचारतो, हा आश्रम हाय का म्हणून."

त्या दिवशी काका जेवले नाहीत. पासवर्ड फक्त मला द्या, म्हणाले. मी म्हटलं, काका, देते, पण फोटो तुम्हालाच चढवावा लागेल. मग ते शिकले. रागावलेल्या माणसाइतका चांगला विद्यार्थी मी पुढे पाहिला नाही. काकूंचा जुना पासवर्ड मात्र मी बंद केला नाही. त्यामुळे सकाळी साइटवर काका आणि संध्याकाळी भाकरी, असं सुरू झालं. दादरच्या एका बाईंनी फोन करून विचारलं, ही दोन वेगवेगळी ठिकाणं आहेत का.

शेवटी मी तोड काढली. पहिलं पान काकूंचं, आणि 'मालकांविषयी' असं वेगळं पान काकांचं. काकांनी त्यावर उद्घाटनं, सत्कार, स्वतःच्या शाळेतल्या कबड्डी संघाचा जुना फोटो, सगळं चढवलं. पान किती वेळा उघडलं हे दाखवणारा काउंटर मागून घेतला. तो रोज वाढायचा. काकू म्हणाल्या, हे स्वतःच उघडतात. मी तपासलं, खरं होतं.

मग एका रविवारी, मी काकूंना मोठा फोटो लहान करायला शिकवत होते, तेव्हा दारात रिक्षा थांबली. एक म्हातारे गृहस्थ उतरले, सोबत बायको. नाशिकला राहायचे. त्यांच्या मुलीला इंटरनेटवर तो कबड्डीच्या संघाचा फोटो सापडला होता आणि त्यात हे गृहस्थ दुसऱ्या रांगेत होते. काकांनी त्यांना ओळखलं नाही. ते काकांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, साइटवर तुला केस जास्त आहेत."

काकांनी त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. दोघं विजारी दुमडून नदीवर गेले, आणि जेवायला हाका मारल्या तरी येईनात.

"तुमच्या फोटोनं आलेलं एकच गिऱ्हाईक," काकू काकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तेपण फुकट राहाणार."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "लग्न होऊन आल्यापासून यांना कुणी अरे म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं गो." आणि लगेच, "चल, लाइट जायच्या आत तो फोटो बारीक करायचं दाखव."